गाणे आणि पोट

आषाढीची वारी करून आम्ही खानदेशात परतलो आणि चातुर्मासाचे निरूपण सुरू झाले, त्या दिवसांतली ही गोष्ट. दुपारी पोथी बांधून ठेवतो न ठेवतो तोच चोपडे तालुक्यातला एक केळीवाला शेतकरी मुलाला घेऊन दारात उभा राहिला. माळकरी माणूस, तीन पिढ्यांची वारी घरात. मुलगा वीस-एकवीस वर्षांचा, कॉलेजात शिकणारा. त्याचे गाणे मी पूर्वी एका सप्ताहात ऐकले होते. चाल उचलली की टाळकरी आपोआप सावरून उभे राहात, असा गळा देवाने दिलेला. बाप बसला, पाणी प्याला आणि आडपडदा न ठेवता आपल्या बोलीत म्हणाला, "महाराज, पोऱ्या गास चांगला. पन गानावर पोट भरी का?"

मुलगा खाली मान घालून बसलेला. नोकरीच्या परीक्षेचा अर्ज भरायचा नाही, गवईच व्हायचे, असे त्याने घरी सांगून टाकले होते. आईने दोन दिवस अन्न घेतले नव्हते म्हणे.

श्रोतेहो, आत्मा नित्य की अनित्य असे कोणी विचारले तर मी घटकाभर न थांबता बोलू शकतो. त्यासाठी गुरूंनी लहानपणी अमरकोश, लघुकौमुदी, तर्कसंग्रह घोकून घेतला आहे. पण या प्रश्नाला मला झटकन उत्तर देता येईना. कारण प्रश्न त्याच्या मुलाचा असला तरी चाळीस वर्षे माझे स्वतःचेही पोट याच गळ्यावर भरत आले आहे. दुसऱ्याच्या मुलाला वाट सांगताना आपण कोणत्या वाटेने आलो ते आधी पाहावे लागते, आणि ते पाहणे नेहमी सुखाचे नसते.

मी त्यांना म्हटले, "आप्पा, आज मुक्काम करा. सांगतो." त्या रात्री आणि दुसऱ्या सकाळी जे बोलणे झाले तेच येथे थोडे विस्ताराने लिहीत आहे, कारण आता प्रत्येक गावात असा एक मुलगा आणि असा एक बाप आहे.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. कालिदासाचे 'मालविकाग्निमित्र' नाटक आहे. त्यात गणदास आणि हरदत्त असे दोन नाट्याचार्य. दोघेही राजाच्या पदरी, दोघांनाही पगार. त्यांचा वाद लागतो की श्रेष्ठ कोण. तेव्हा गणदास म्हणतो की, आपल्याला जागा मिळाली आहे ना, मग कशाला कसोटीला उतरा, असे म्हणून जो वादाला भितो आणि ज्याची विद्या केवळ पोटासाठी आहे, त्याला लोक विद्येचा व्यापारी म्हणतात. आमचे काही पंडित हे वचन पुढे करून सांगतात की, पाहा, कालिदासाने पोटासाठी विद्या वापरणाऱ्याचा धिक्कार केला. अहो, पण बोलणारा कोण? तो स्वतः पगारी नोकर! महिन्याच्या महिन्याला घेतो आहे, आणि तरी हे बोलतो आहे. त्याला अधिकार कशाने आला? त्या वाक्यात 'केवळ' असा एक शब्द आहे, त्याने आला. विद्येने पोट भरावे, त्याला ना नाही. पोट भरले की विद्या संपली, मग परीक्षा नको, मेहनत नको, नवे काही शिकणे नको, असे ज्याचे झाले तो वाणी. मी मुलाला म्हटले, "बाळा, या 'केवळ'वर बोट ठेवून ठेव. पुढे उपयोगी पडेल."

दुसरा दाखला शार्ङ्गदेवाचा. तेराव्या शतकातला हा थोर ग्रंथकार, 'संगीतरत्नाकर' याचा. घराणे मूळचे काश्मीरचे, पण ग्रंथ झाला आपल्या देवगिरीस, यादवराजा सिंघण याच्या आश्रयास. आणि हा शार्ङ्गदेव दरबारात काय करी? हिशेबठिशेबाच्या खात्यावर मोठा अधिकारी होता. दिवसा जमाखर्च आणि बाकी वेळ स्वर. (याच सिंघणाचा राजज्योतिषी चांगदेव, भास्कराचार्यांचा नातू, याने आपल्या चाळीसगावाजवळ पाटण येथे मठ काढला, त्याचा शिलालेख आहे. मुक्ताईंचे शिष्य योगी चांगदेव निराळे. पुष्कळांचा घोटाळा होतो म्हणून सांगितले.) रत्नाकरात गाणाऱ्याचे पाच प्रकार दिले आहेत: जो दुसऱ्याला नीट शिकवू शकतो तो शिक्षाकार, दुसऱ्याची नक्कल करतो तो अनुकार, स्वतः रसात बुडतो तो रसिक, ऐकणाऱ्याला रिझवतो तो रंजक आणि गीतात भाव ओततो तो भावक. आजच्या बाजारात मागणी कोणाला आहे ते तुम्ही जाणता. लग्नाच्या मांडवात, गणपतीपुढे, मोबाइलवर अनुकाराला मागणी आहे. अमक्याचे गाणे हुबेहूब म्हणून दाखवा, टाळ्या घ्या, पाकीट घ्या. मी अनुकाराला वाईट म्हणत नाही. प्रत्येक जण तेथूनच सुरुवात करतो. पण चाळिशीला पोचल्यावरही जो अनुकारच राहिला, त्याची जागा घ्यायला पंचवीस वर्षांचा दुसरा अनुकार दारात उभा असतो.

त्याच ग्रंथात गायकाचे पंचवीस दोष सांगितले आहेत. दात आवळून गाणारा, भीतभीत गाणारा, तुंब्यासारखे गाल फुगवणारा, मान वाकडी करणारा, डोळे मिटून घेणारा, कावळ्यासारखा कर्कश. एकेक वाचीत गेलो आणि मुलगा हसू लागला, कारण त्याला गावातले एकेक गायक आठवू लागले. मग मी म्हटले, "आता तू गा." तो गायला, आणि मान वाकडी! बापसुद्धा हसला. दोन दिवसांत त्या माणसाच्या तोंडावर पहिल्यांदा हसू आलेले मी पाहिले.

असो. शास्त्र झाले, आता घडलेली उदाहरणे घेऊ, आणि ती लांबची नको, आपल्या खानदेशच्या मातीतली घेऊ.

जळगावात बालगंधर्वांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे, ते तुम्ही येता-जाता पाहता. नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा लहानपणी जळगावात नातलगांकडे राहिला आणि मेहबूबखाँ नावाच्या गवयापाशी त्याने तेथे गाण्याचे धडे घेतले. दहा वर्षांच्या त्या पोराचे गाणे ऐकून लोकमान्यांनी त्याला बालगंधर्व म्हटले, ही कथा सर्वश्रुत आहे. १९०५ साली तो किर्लोस्कर नाटक मंडळीत गेला आणि १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. पुढे भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू लाभला. नाव किती झाले ते मी सांगायला नको. पण मुलाला मी सांगितली ती दुसरी बाजू. १२ मार्च १९११ रोजी 'मानापमान' नाटकाचा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी त्यांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द करा असे सगळे म्हणत असताना ते रंगभूमीवर उभे राहिले आणि गायले. लोक तिकीट काढून, लांबून आलेले. "रसिक मायबाप" हा त्यांचा शब्द. मायबाप म्हटले की स्वतःचे दुःख गिळावे लागते. हे सांगताना मी थांबलो. बापाला म्हटले, "आप्पा, या धंद्यात ही किंमत असते. सप्ताहाच्या दिवशी माझ्या घरीही एकदा असाच प्रसंग आला आणि मी काल्याला उभा राहिलो. बरोबर केले की चूक, अजून मला कळलेले नाही."

आणि पैशाचे काय झाले? पैसा आला, पण मुठीत राहिला नाही. खरे भरजरी शालू, अत्तरे, उंची साज. प्रेक्षकाला खोटे काही दाखवायचे नाही हा हट्ट. त्या हट्टात कंपनीवर कर्जाचा डोंगर झाला. दिवाळे काढून मोकळे व्हा, असे सांगणारे पुष्कळ होते. त्यांनी ते ऐकले नाही, गाऊन कर्ज फेडत राहिले. पुढे बोलपटाचे दिवस आले आणि नाटकगृहे ओस पडू लागली. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा' बोलपटात ते एकनाथ महाराज झाले. पण तेथे जीव रमला नाही, म्हणून पुन्हा रंगभूमीकडे आले. 'कान्होपात्रा' नाटकात त्यांनी संतांचे अभंग गायले, चोखोबांचा जोहारही. ते ऐकून अनेक वारकऱ्यांनी नाटकाला जाण्याचा आपला नियम मोडला असे म्हाताऱ्या माणसांकडून ऐकले आहे. उतारवयात मात्र शरीर थकले, पाय गेले, हात आखडता झाला. १९६४ साली पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ ला पुण्यात देह ठेवला. पदवी उशिरा येते, भाडेकरी दर महिन्याला येतो, हे त्या थोर पुरुषाच्या चरित्रावरून मी त्या मुलाला सांगितले. त्यांच्या पायाची धूळ मस्तकी लावीन, पण त्यांची हिशेबाची वही कोणी शिष्याने घेऊ नये.

दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्यातले. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेर आहे. जुना किल्ला, फारुकी राजांची जुनी राजधानी. हे लताबाई मंगेशकरांचे आजोळ. मास्टर दीनानाथांची सासुरवाडी तेथली. आजीकडून लहानग्या लताने गुजराती गरब्याची गाणी ऐकली. पंढरपूरला जाताना दिंडीत ज्यांच्या खिशात आजकाल मोबाइल असतो, त्यांतल्या निम्म्यांच्या मोबाइलवर त्यांचे अभंग असतात. परंतु त्यांची सुरुवात कशी झाली ते थोड्यांना ठाऊक असते. दीनानाथांची स्वतःची बळवंत संगीत मंडळी १९१८ पासून चालली होती. गळा तेजस्वी, नाव मोठे. पुढे नाटकांना उतरती कळा लागली, बोलपट काढण्यात पैसा गेला. २४ एप्रिल १९४२ रोजी ते पुण्यात वारले, तेव्हा थोरल्या मुलीला तेरावे वर्ष चालू होते. पाठीवर तीन बहिणी, एक भाऊ. त्या मुलीने त्याच वर्षी चित्रपटात काम धरले. तोंडाला रंग लावून उभे राहणे तिला आवडत नसे. पण आवडनिवड विचारायला घरात कोणी मोठे उरले नव्हते.

येथे बाप मध्येच बोलला, "म्हंजे त्यास्नं पोट भरनं गानावर." मी म्हटले, "भरले. पण कसे, ते ऐका." एका बड्या निर्मात्याने हा आवाज फार बारीक आहे म्हणून नाकारला. मास्टर गुलाम हैदर यांनी १९४८ साली 'मजबूर' चित्रपटात गाऊन घेतले, पुढल्या वर्षी 'महल' आला, आणि मग मागे पाहावे लागले नाही. पण त्या मधल्या सहा वर्षांत काय केले? अमान अली खाँ भेंडीबाजारवाले यांच्याकडे तालीम घेतली. उर्दूच्या उच्चाराला मराठी डाळभाताचा वास येतो, असे दिलीपकुमार म्हणाले. ते मनाला लावून न घेता एका मौलवीकडून उर्दू शिकून घेतली. निंदेचा असा उपयोग करणारा माणूस धंद्यात बुडत नाही. आणि ध्वनिमुद्रणाला उभे राहताना पायातल्या चपला काढून ठेवायच्या, हे त्यांनी शेवटपर्यंत पाळले. लोकहो, हजारो रुपये घेतले, आणि तरी चपला काढल्या! गणदासाचा तो 'केवळ' शब्द तुम्हाला आठवतो ना?

आणखी एक गोष्ट आम्हा कीर्तनकारांना बोचेल म्हणून मुद्दाम सांगतो. गाण्याच्या तबकड्या विकल्या जातात, कंपनीला पैसा मिळत राहतो, मग गाणाऱ्याला त्याचा वाटा का नको, हा प्रश्न त्यांनी १९६० नंतरच्या काळात उभा केला. महंमद रफींचे म्हणणे होते की एकदा बिदागी घेतली की विषय संपला. या मतभेदापायी दोघे काही वर्षे एकत्र गायले नाहीत. दोघेही सज्जन, रफींची वृत्ती फकिराची, बाईंची वृत्ती घर चालवणाऱ्या थोरल्या मुलीची. शेवटी २०१२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि गायकाला आपल्या गायनाच्या व्यापारी उपयोगाबद्दल स्वामित्वधन मिळण्याचा हक्क आला. आज आपल्या अहिराणी गाण्यांना मोबाइलवर लाखो ऐकणारे आहेत. धुळे-जळगावची पोरे शेतात, नदीच्या पात्रात चित्रीकरण करतात आणि गाणे देशभर जाते. आनंद आहे. पण कागद न वाचता सही करतात! गाणे कोणाचे, नाव कोणाचे, पुढला पैसा कोणाचा, हे आधी लिहून घ्यावे. मी मुलाला म्हटले, "बाप केळी भरतो तेव्हा ट्रक हलण्याआधी वजनाची पावती घेतो की नाही? तुझे गाणे केळीपेक्षा हलके आहे का?"

मग त्याने विचारले, "महाराज, बहिणाबाईंनी कुठे पैसे घेतले?" पोर हुशार. आसोद्याची बहिणाबाई! १८८० चा जन्म, १९५१ साली गेली. जात्यावर, शेतात, चुलीपुढे गात राहिली. अक्षर येत नव्हते, ते मुलाने आणि घरच्यांनी उतरून घेतले, आणि ती गेल्यावर १९५२ साली पुस्तक निघाले. एक छदाम तिला मिळाला नाही, आणि तिच्या गाण्याला त्याने काही उणे आले नाही. खरेच आहे. पण मी म्हटले, "बाळा, ती शेत करीत होती. दळत होती. तिचे पोट गाण्यावर नव्हते, म्हणून गाणे मोकळे होते. तुला शेतही नको आणि मोबदलाही नको, मग खायचे कोणाच्या घरी?"

येथून मी आपल्या घरच्या गोष्टीकडे वळलो. गोरोबा काका मडकी घडवीत, सावतोबा मळा करीत, नरहरी सोनार दागिने, सेना महाराज हजामत. मडके त्यांनी बाजारात विकलेच. भजन विकले नाही. तुकोबारायांनी तर कथेच्या गावी काही घेण्याला साफ मनाई केली आहे. ही आमची वारकऱ्यांची रीत. नारदीय हरिदासांची रीत निराळी. त्यांचा तो वृत्तीचाच व्यवसाय, बिदागी उघड घेत. विष्णु दिगंबर पलुस्कर अशाच एका कीर्तनकाराचे पुत्र. लहानपणी फटाक्याने डोळ्यांना इजा झाली म्हणून शाळा सुटली आणि मिरजेस बाळकृष्णबुवांकडे गाण्याला बसवले. त्यांनी गवयाला राजाच्या दिवाणखान्यातून काढून तिकिटाच्या मैफलीत बसवले, १९०१ साली लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढले, गवई म्हणजे व्यसनी ही समजूत धुऊन काढली. तेही शेवटी कर्जात आले, मुंबईची वास्तू गेली, आणि नाशकास रामनाम घेत बसले. कर्ज हे गवयांच्या कुंडलीतच असते की काय, कोण जाणे.

वारकऱ्यांमध्ये जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली ती मुलांनी ग्रंथ शिकून समाजाला सांगावे म्हणून, दर ठरवण्यासाठी नव्हे. सोनोपंत दांडेकर पुण्याच्या स. प. महाविद्यालयात प्राचार्य होते. पगार तेथला, कीर्तन पांडुरंगाचे. ती सोय सर्वांना कशी व्हावी? आज कीर्तनकाराला गाडी लागते, साथीला गायनाचार्य, मृदंगाचार्य, त्यांची घरे आहेत, मुलांच्या फिया आहेत. गावही आनंदाने देते. मी घेत नाही असे म्हटले तर ते खोटे होईल. मी घेतो. ठरवून घेत नाही, एवढेच आता म्हणू शकतो. हा 'आता' शब्द का घातला ते सांगणे भाग आहे. त्या रात्री बापलेकांना सांगितले, मग तुमच्यापासून काय लपवायचे?

माझी पस्तिशी होती. गळा तापलेला, नाव पसरू लागलेले. गिरणाकाठच्या एका लहान गावाने सप्ताहाच्या काल्याचे कीर्तन माझ्याकडे लावले. पन्नास उंबऱ्यांचे गाव, पाऊस नाही, कापूस करपलेला. मी नारळ घेतला, म्हणजे शब्द दिला. आठ दिवसांनी एका मोठ्या गावाचे बोलावणे आले, त्याच तिथीचे. मांडव मोठा, बिदागी चौपट. मी लहान गावी निरोप धाडला की, घसा बसला आहे, ताप आहे. आणि मोठ्या गावी जाऊन उभा राहिलो. त्या दिवशी गळा असा लागला की लोक अजून आठवण काढतात. वैराग्यावर बोललो होतो.

दोन वर्षांनी मुक्ताईनगरच्या यात्रेत, जुन्या मंदिराच्या वाटेवर, एका म्हाताऱ्याने माझे पाय धरले. त्या लहान गावचा तो वीणेकरी. मी ओळखले, आणि अंगावर काटा आला. त्याने वर पाहिले आणि विचारले, "महाराज, तब्येत बरी शे ना आते?" त्यात टोमणा नव्हता, श्रोतेहो. टोमणा असता तर मी उत्तर दिले असते. त्याने खरेच विचारले होते. मी येणार नाही असे कळल्यावर त्या गावाने काल्याच्या दिवशी स्वतःच भजन केले होते, आणि भजन संपल्यावर सर्वांनी उभे राहून माझ्या घशाला आराम पडावा म्हणून मुक्ताईची प्रार्थना केली होती. हे त्याने मला सांगितले. पुढल्या वर्षापासून त्या गावचा काला मी एकही चुकवलेला नाही. पण तो वीणेकरी पुढचा सप्ताह पाहायला उरला नव्हता.

हे ऐकून बाप गप्प झाला. मुलाने मात्र विचारले, "मग महाराज, मी गवई होऊ की नको?" तरुण माणसाचे असेच असते. त्याला आपल्या कथेत कथा म्हणून रस नाही, उत्तर हवे.

मी सांगितले ते असे. कीर्तन आणि मैफल यांच्यात कुंपण घाल. मैफल, ध्वनिमुद्रण, शिकवणी हे तुझे मडके; त्याची किंमत सांग, लेखी घे, लाजू नको. भजनाला उभा राहशील ते तुझे स्वतःचे, तेथे गावाने दिले ते प्रसाद म्हणून घे आणि नाही दिले तर बसचे भाडे आपले. दोन्ही एकाच झोळीत टाकलेस की दोन्ही नासतील, हे मी करून पाहिलेले आहे.

शिक्षण अर्धे टाकू नको. पदवी पुरी कर. दोन वर्षांनी गळा काही म्हातारा होत नाही. त्याबरोबर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना बस. पलुस्करांच्या शिष्यांनी १९३१ साली उभे केलेले हे मंडळ. प्रारंभिकपासून विशारदपर्यंत जायला सहा-सात वर्षे जातात, जाऊ देत. विशारद झाल्याने कोणी गवई होत नाही, हे मला मान्य आहे. पण शाळेत संगीतशिक्षकाची जागा निघाली किंवा घरी शिकवणी काढली तर तो कागद पोट भरतो, आणि शिकवल्याने स्वतःचे दोष कळतात. आकाशवाणीची स्वरपरीक्षा दे; जळगावला केंद्र आहे. तेथे ब श्रेणी मिळाली तरी पुष्कळ. बंद खोलीत, टाळ्यांवाचून, घड्याळाकडे पाहून गाणे शिकायला मिळते. आणि सहा महिने पेटी वाजवून नावामागे 'गायनाचार्य' लावू नको. आमच्या सप्ताहांच्या पत्रिकांवर हल्ली आचार्यांची इतकी गर्दी झाली आहे की श्रोता कोण उरला, हेच कळत नाही.

मग पंचांग काढून आम्ही चक्क महिने मोजले. लग्नसराई कार्तिकापासून ज्येष्ठापर्यंत, मध्ये खरमास आणि अस्त वगळून. गणपती, नवरात्र, दिवाळी पहाट. चातुर्मासात लग्ने बंद, तेव्हा मांडवातल्या गायकाचे हात रिकामे. म्हणजे गाण्याची कमाई बारमाही विहीर नाही, नाला आहे. पाणी येते तेव्हा अडवून ठेवावे. बापाला हे लगेच पटले. केळीचा भाव पडतो तेव्हा काय होते ते त्याला शिकवावे लागत नाही. तो पहिल्यांदाच मुलाकडे वळून म्हणाला, "बँकेत खातं उघड. तुझं तुझं."

तंबाखू-गुटखा सोड, हे सांगताच मुलाने बापाकडे चोरून पाहिले. म्हणजे घरी ठाऊक नव्हते. रात्री दोन वाजेपर्यंत मांडवात ओरडून सकाळी रियाजाला बसू नको. तंबोऱ्याशी षड्ज लावून बस, अर्धा तास का होईना. आणि साथीदाराचे पैसे आपल्या आधी.

एवढे सर्व सांगून बापाला म्हटले, "आप्पा, पोट भरेल का याचे उत्तर माझ्याजवळ नाही. शंभरांत पाचांचे चांगले भरते, पुष्कळांचे अर्धे भरते, आणि अर्ध्या पोटीही काही जण सुखात असतात. याचा गळा खरा आहे, एवढी साक्ष मी देतो. पाच वर्षे द्या. शेत विकू नका." शेवटचे वाक्य मी दोनदा सांगितले.

ते गेले. मुलाने अर्ज भरला की नाही, मी विचारले नाही. गुरुवारी आणि एकादशीला तो माझ्याकडे येऊ लागला, चोपड्याहून बस बदलून. मान वाकडी करण्याची खोड अजून पुरती गेलेली नाही.

दिवाळीनंतर एके सकाळी तो पेढे घेऊन आला. जळगावात कोणाच्या घरगुती दिवाळी पहाटेला तो गायला होता, पहिल्यांदा नावानिशी बोलावलेला. त्याने पाकीट माझ्या पायांशी ठेवले आणि डोके टेकले. फोडलेलेही नव्हते. डोळ्यांत पाणी होते त्याच्या.

मी विचारले, "तबल्याला कोण होते?"

त्याने नाव सांगितले. म्हातारा माणूस, मला ठाऊक असलेला. पाचोऱ्याहून पहाटेची गाडी धरून आला असणार.

"त्यांचे दिले का?"

तो गप्प राहिला. म्हणाला, "आधी तुमच्या पायांवर ठेवावं म्हटलं, महाराज."

"मग हे उचल," मी म्हटले, "आणि स्टेशनावर जा. पाचोऱ्याची गाडी अकराला आहे."

त्याने पाकीट उचलले. पेढ्यांचा पुडा तसाच कोनाड्यात राहिला आणि तो धावत सुटला.